मुंजाबाला वाहिलेले मासे

मुंजाबाची वाडी, ता. शिरूर
८ मार्च

ती. आप्पा,

नमस्कार करते. घ्यायचा तर घ्या, नाहीतर उंबऱ्यावर ठेवा, पण परत पाठवू नका. पत्र काकांच्या गोकुळबरोबर देतेय. रांजणगावच्या कंपनीतून सुट्टीला तो घरी येतोच, त्याची काही चूक नाही, त्याला ओरडू नका.

फोन तुम्ही उचलत नाही. आई उचलते आणि "हळू बोल, हितंच बसल्यात," म्हणते. मग मी काय बोलणार? जेवलीस का, जेवले, बरं ठेवते. एवढ्यासाठी मला अर्धा डोंगर चढून रेंजमध्ये जावं लागतं. त्यापेक्षा पत्र बरं. फाडायचं असेल तर आधी वाचा, मग फाडा.

कुरकुंभच्या कंपनीतली नोकरी मी सोडली, म्हणून तुम्ही बोलायचे बंद झालात. बबनरावांकडं तुम्ही शब्द टाकला होता, त्यांनी मला लॅबमध्ये चिकटवलं होतं, आणि मी वर्षाच्या आत बाहेर पडले. मग सोसायटीच्या ओट्यावर चार लोकांत ते तुम्हाला म्हणाले, "जयसिंगराव, पोरगी मासं धरायला गेली म्हणं." लोक हसले. हे सगळं मला आईकडून कळलं. तुमचा शब्द गावात कधी खाली पडत नाही आणि तो माझ्यामुळं पडला, याचं मला वाईट वाटतं. पण नोकरी सोडली याचं वाटत नाही. सकाळ-संध्याकाळ त्या बाटल्या, तो वास, तो मास्क. मला तिथं जीव नकोसा झाला होता, आणि तुम्ही एकदाही विचारलं नाहीत की बाई, तुला तिथं बरं वाटतंय का.

आणि मी मासे धरत नाही. बघते आणि सोडून देते. हुद्दा फील्ड असिस्टंट, म्हणजे बादली उचलणारी. पुण्याच्या संस्थेतले आमचे पृथ्वीराज सर काठावर बसून लिहितात, मी गुडघाभर पाण्यात उभी. ओढ्यानं वर वर चढत जायचं, दगडाखाली छोटं हातजाळं धरायचं, दगड हळूच हलवायचा. जे येईल ते पांढऱ्या टबात घ्यायचं, मापायचं, फोटो काढायचा आणि जिथून घेतलं तिथंच सोडायचं. हात आधी ओला करायचा, कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचा बुळबुळीतपणा निघतो आणि तो मरतो. पहिल्या दिवशी मी विसरले तेव्हा सर असे ओरडले की तुमची आठवण आली.

ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो मासा बोटाएवढा आहे. मळ्या म्हणतात. त्याच्या हनुवटीखाली एक चकती असते, तिनं तो दगडाला चिकटून राहतो. ओढा कितीही जोरात येऊ दे, हा जागचा हलत नाही. तुमच्यावर गेलाय म्हणा ना.

उन्हाळ्यात ओढा आटतो आणि सगळे मळ्या वाडीखालच्या एका डोहात गोळा होतात. पावसाळ्यात तिथूनच पुन्हा डोंगरावर पसरतात. यंदा डोहात मासे फार थोडे राहिलेत. सर म्हणाले, पावसापर्यंत इथं मासा टिकला तर हा ओढा कामात राहील आणि मीही कायम होईन. नाहीतर इथलं काम बंद. म्हणजे मासे वाढले तर मी इथं, आणि नाही वाढले तर तुमच्या मनासारखं. येईन परत. खूष?

आईला सांगा, इथं थंडी अजून आहे, पण गोधडी पुरते.

तुमची,
मोनाली

•

मुंजाबाची वाडी
२९ मार्च

ती. आप्पा,

उत्तर नाही आलं. अपेक्षाही नव्हती. पण गोकुळनं एक बातमी फोडली. तुम्ही म्हणे पत्र वाचून टोपीखाली ठेवलंत, आणि दोन दिवसांनी जेवताना त्याला विचारलंत, "तिथं पानी किती हाय? डोह मोठा हाय का आपल्या शेततळ्यायेवढा?" अहो, मलाच विचारा की! लाजता काय?

नाही, शेततळ्याएवढा नाही. चार बैलगाड्या उभ्या राहतील एवढाच. पण मधे खोल आहे आणि वरच्या अंगाला एक झरा आहे, बारीक, पण थांबत नाही. काठावर मुंजाबा. शेंदूर लावलेला दगड आणि उंबराचं झाड, देऊळ असं काही नाही. दिवा लावायचं काम जाईबाईकडं. शेजारच्या घरातली म्हातारी. मी तिच्याच पडवीत राहते.

जाईबाईचं मी तुम्हाला काय सांगू! पहिल्या दिवशी तिनं माझं जाळं हातातून काढून घेतलं. "ह्या डोहात गळ पडत न्हाई आन् जाळं पडत न्हाई. हितलं मासं मुंजाबाचं हायेत." मी म्हणलं, आजी, मी फक्त बघून सोडते. तर म्हणे, "बघायचं तर डोळ्यानं बघ, त्याला जाळं कशाला?" शेवटी मी नारळ ठेवला, मुंजाबासमोर मोठ्यानं सांगितलं की हातात घेईन आणि परत सोडीन, तेव्हा कुठं परवानगी मिळाली. तेही हातजाळ्यापुरती. आता रोज सकाळी चहा देताना टोमणा मारते, "स्वताचं लगीन न्हाई आन् माशाची बाळंतपणं करती." मी म्हणते, तुमच्या मुंजाबाचं तरी कुठं झालंय? मग हसते, पण लुगड्याचा पदर तोंडाला लावून, देवाला दिसू नये म्हणून.

खालच्या गावांत ओढे आहेत, डोह आहेत, पण मळ्या संपला. जिथं जाळं पडत नाही तिथंच तो राहिला. सर हे पुण्यात प्रत्येक मीटिंगला सांगतात.

पाच तारखेपासून आठवडाभर मला पुण्याला ट्रेनिंगला बोलावलंय. तेव्हा गोकुळला म्हणावं, त्या आठवड्यात इकडं हेलपाटा घालू नकोस. आईची शेंगदाण्याची चटणी मिळाली. निम्मी जाईबाईनं खाल्ली.

एकदा तरी लिहा. एक ओळ लिहा. शिव्या दिल्यात तरी चालेल.

मोनाली

•

मुंजाबाची वाडी
२६ एप्रिल

आप्पा,

तुम्ही आला होतात.

मला सांगायचं नाही असा गोकुळला दम दिला होतात, आणि त्यानं खरंच तोंड उघडलं नाही. पण मला कळलं. गेल्या आठवड्यात हातजाळं दगडाखाली धरलं तर त्यात मळ्याच्या ऐवजी राखाडी, उभ्या पट्ट्यांचा, पाठीवर काटे उभारलेला मासा आला. चिलापीचं पिल्लू. आधी वाटलं चुकून. मग दुसरं आलं, तिसरं आलं. मी काठावर उभी राहून मोठमोठ्यानं शिव्या दिल्या. कुणा मेल्यानं हे केलं, त्याचे हात झडोत, असं पण म्हणाले. म्हणाले ते म्हणाले. मला काय माहीत, कुणाचे हात ते.

ओरडा ऐकून जाईबाई आली. ती म्हणाली, "तू पुन्याला हुतीस तवा एक पाव्हणं आलं हुतं की. पिकअप घिऊन. दुधाच्या क्यानी हुत्या, त्यात मासं. माशाला हवा लागावी म्हून त्यात कसलंतरी मशीन बुडबुड करत हुतं. नारळ फोडला, पाया पडलं. म्या इचारलं कुठलं तुमी, तर म्हनले, मुंजाबाचा भक्त हाय, मासं वाहायचेत. म्या म्हनलं वाहा, चांगलं हाय."

मी विचारलं, दिसायला कसे होते? ती म्हणाली, "आसंच, पांढरी टोपी. पण मानूस शिस्तीचा. पान्यात उतरायच्या आधी घड्याळ काढलं, टोपीत ठिवलं आन् टोपी दगडावर ठिवली. आन् क्यानी वतताना काय म्हनले, ठाव हाय का? पोरीच्या कामाला यश दे."

आप्पा, पाण्यात उतरण्याआधी घड्याळ टोपीत ठेवणारा माणूस मी जगात एकच बघितलाय. विहिरीवर, कॅनॉलवर, नदीवर, लहानपणापासून बघितलाय.

मला राग आला आणि रडू आलं, दोन्ही एकदम. सहा महिने माझ्याशी बोलला नाहीत. मी नोकरी सोडून परत यावं अशी तुमची इच्छा, आणि तीच नोकरी टिकावी म्हणून तुम्ही चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे एवढ्या लांब आलात, मी नसताना, स्वतःचं नाव न सांगता. मी लिहिलं मासे कमी आहेत, तर तुम्ही मासे आणून टाकलेत. दुसरा कोण बाप असं करेल? आणि मला भेटायला मात्र थांबला नाहीत.

पण आता ऐका. चिलापी म्हणजे मळ्या नव्हे. आपल्या शेततळ्यात तुम्ही ओंजळभर सोडली होती आणि वर्षात तळं भरलं, तुम्हीच कौतुकानं सांगत होतात. ती दिसेल ते खाते. दुसऱ्याची अंडी खाते, पिल्लं खाते, आणि स्वतःची मात्र तोंडात धरून सांभाळते. आत्ता पिल्लं आहेत. पावसापर्यंत मोठी झाली, अंड्यावर आली, की हा डोह त्यांचा. मळ्याला पळून जायला वर ओढ्यात पाणीच नाही. जाईल कुठं?

सरांना मी सांगितलं. कुणी टाकले तेही सांगितलं. लपवता आलं असतं, पण मला नाही जमलं. ते म्हणाले, "पावसाच्या आधी डोह साफ झाला तर आपण आहोत." मोठं जाळं पाठवतो म्हणाले.

जाळं आलं, आणि वाडी आडवी आली. जाईबाई पुढं, बाकीचे मागं. डोहात वाहिलेलं ते मुंजाबाचं. मळ्या असो नाहीतर चिलापी असो. मी समजावलं, हात जोडले, दोन दिवस मागं लागले. शेवटी म्हाताऱ्या माणसांनी बसून ठरवलं. वाहिलेलं माघारी घ्यायचं तर ज्यानं वाहिलं त्यानंच यायचं. मुंजाबासमोर उभं राहून नाव सांगायचं, का वाहिलं ते सांगायचं, का परत पाहिजे ते सांगायचं, आणि मोठ्यानं मागायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मी म्हणलं, मी त्यांची पोरगी, त्यांच्या वतीनं मागते. तर जाईबाई म्हणाली, "तुजं काय त्यात? तू वाहिलंस का?"

सरांबरोबर आलेला एक जण म्हणाला, वाडी लग्नाला जाईल त्या दिवशी गुपचूप जाळं ओढू. मी त्याला तिथंच गप्प केलं. या लोकांनी नियम पाळला म्हणून तर मळ्या वाचला. तो नियम मीच मोडला, तर पुढच्या वर्षी इथं कुणीही गळ टाकेल आणि मला तोंड वर करून बोलता येणार नाही.

तेव्हा तुम्हाला यावं लागेल. तुम्ही दिलेलं कधी परत मागत नाही, मला माहीत आहे. आत्याला दिलेली गाय वासरासकट तिकडंच राहिली, तरी तुम्ही शब्द काढला नाहीत. आणि इथं तर परक्या गावात, चार माणसांत, देवापुढं मागायचंय. मी तुम्हाला हे सांगतेय, याचंच मला कसंतरी होतंय.

पण या, आप्पा. पावसाच्या आधी या. माझ्या नोकरीचं राहू द्या. नोकरी दुसरी बघीन, नाहीतर परत येऊन तुमचे टोमणे ऐकीन. हा मासा मात्र दुसरीकडून आणता येणार नाही.

मोनाली

•

खुटबाव
४ मे

चि. मोनालीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. गोकुळला बोलू नको, त्याला मीच दम दिलता. चिलापी वाईट हाय हे मला कुणी सांगितलं न्हाई. तू लिवलं हुतं मासं कमी हायेत, म्हणून आणलं. चांगली बघून, निवडून आणली हुती.

हात झडोत म्हणलीस ते तुझ्या आईनं मला वाचून दाखवलं. दोनदा.

रविवारी येतो. जाळं माझं आणतो, तुमच्या सायबाचं कसलं असंल काय म्हाईत. नारळ तिथं मिळतो का, का हितनं आणू?

जयसिंग

•

मुंजाबाची वाडी
१२ मे

ती. आई,

आप्पा घरी येऊन काही सांगणार नाहीत. "झालं," म्हणतील आणि रेडिओ लावतील. गोकुळ सांगेल, पण तो सगळ्यात आपलंच नाव पुढं घुसवतो. म्हणून मी लिहिते.

सकाळी पिकअप आली तेव्हा अख्खी वाडी उंबराखाली जमली होती. मी म्हणलं होतं चार माणसं, तर बायका पोरांना कडेवर घेऊन आल्या होत्या. आप्पा उतरले. माझ्याकडं बघितलं, "वाळलीस," म्हणाले. सहा महिन्यांनी एवढंच. मग जाईबाई पुढं झाली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय पाव्हणं, कुनाचं भक्त म्हनला हुता?" सगळे हसले. सोसायटीच्या ओट्यावर लोक हसले तेव्हा काय झालं ते मला ठाऊक होतं. वाटलं, आता आप्पा गाडीत बसणार आणि जाणार.

ते गेले नाहीत. चपला काढल्या, नारळ ठेवला, आणि उभे राहिले. आधी तोंडातल्या तोंडात पुटपुटले. कुणीतरी मागून "मोठ्यानं बोला" म्हणालं. आप्पांनी त्याच्याकडं रागानं बघितलं. आणि मग बोलले, ग्रामसभेत बोलतात तसे, खडखडीत.

"मुंजाबा, मी खुटबावचा जयसिंग. मागल्या टायमाला नाव सांगितलं न्हाई, ती माझी चूक. ही मोनाली माझी पोरगी. हिच्याशी मी बोलत न्हवतो. हिचं काम टिकावं म्हणून मी मासं वाहिलं. मला वाटलं मासा म्हंजी मासा. मला त्यातलं काय कळत न्हाई, हिला कळतं. ही म्हणती माघारी घ्या. माझं मला दे."

हिला कळतं. आई, असं म्हणाले ते. सगळ्यांसमोर. मी रिकामी बादली तोंडासमोर धरली आणि रडून घेतलं, पण बादलीत आवाज घुमतो हे माझ्या लक्षात आलं नाही, आणि तो सगळ्यांना ऐकू गेला.

जाईबाईनं शेंदराचं बोट आप्पांच्या कपाळाला लावलं आणि म्हणाली, "दिलं मुंजाबानं. न्या आता तुमचं."

मग दुपारपर्यंत जाळं. सरांचं जाळं आप्पांनी नुसतं बोटांनी चाचपलं आणि बाजूला ठेवलं. सर म्हणाले, बरं, तुमचं लावू. पण आपल्या जाळ्याची आस, म्हणजे भोकं, मोठी, पिल्लं सुटायला लागली. दोन ओढीतच आप्पा काठावर गेले आणि सरांचं जाळं उचलून आणलं. एका टोकाला आप्पा, दुसऱ्या टोकाला गोकुळ, मधे मी. काठाला आणलं की मी एकेक मासा निवडायची. मळ्या टबात, चिलापी कॅनमध्ये. वाडीतला एक जण काठावरून आप्पांना म्हणाला, "पोरगी शिकल्याली दिसती, काय करती मग नेमकं?" आप्पा जाळं न सोडता म्हणाले, "मासं सांभाळती." साध्या सुरात म्हणाले, शेती करती म्हणावं तसं.

सगळी निघाली का ते आत्ताच सांगता येणार नाही. सर म्हणतात पावसाळ्यानंतर कळेल, तोवर मी रोज बघायचं. शेवटच्या ओढींना एकही चिलापी आली नाही, एवढं खरं. मासे आप्पांनी ज्या कॅनमधून आणले त्याच कॅनमधून परत नेले. आमटी करा म्हणून कुणी सुचवलं, तर म्हणाले, मुंजाबाकडनं मागून घेतलेलं हाय, मी आधी तळ्यावर नेतो. तेव्हा तू लगेच मसाला वाटायला घेऊ नकोस.

निघायच्या आधी टोपी घालून, घड्याळ बांधून ते टबापाशी आले. म्हणाले, "दाव बघू, ज्याच्यापायी मला एवढं नाचवलंस तो कोणता." मी म्हणलं, हात ओला करा आधी. त्यांनी मुकाट्यानं केला. मी एक मळ्या त्यांच्या तळहाताजवळ सोडला. तो पाण्यातल्या पाण्यात त्यांच्या हाताला चिकटला. आप्पांनी हात हळूच उलटा केला, तरी तो सुटला नाही. "आयला, भारीच चिवट हाय की," म्हणाले आणि हसले. आई, त्यांना असं हसताना मी कधी बघितलं होतं ते मला आठवेना.

मग हात तसाच पाण्यात ठेवून त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "ह्याला कुठं सोडू?"

मला विचारलं त्यांनी. मी डोहाच्या वरच्या अंगाला, झऱ्याजवळचा दगड दाखवला. टब छातीशी धरून आप्पा तसेच पाण्यात उतरले, टोपी डोक्यावर आणि घड्याळ हातात. मी काठावरून सांगणार होते, पण नाही सांगितलं.

घड्याळ बंद पडलं असेल. त्यांना काही बोलू नकोस, दुरुस्तीला मी पैसे देते.

तुझी,
मोनाली